‘हम लोग’चा पहिला भाग आणि प्रेक्षकांची तक्रार

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ या कौटुंबिक मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव, चित्रीकरण दिल्लीजवळच्या गुडगावातील स्टुडिओत. मेक्सिकोतील मालिकांप्रमाणे करमणुकीतून कुटुंबनियोजन शिकवावे, हा सरकारी हेतू होता. पण सुरुवातीच्या भागांत उपदेश फार झाला आणि प्रेक्षक नाराज झाले. म्हणून सुमारे १३ भागांनंतर उपदेश कमी करून घरातल्या माणसांची सुखदुःखे पुढे आणली. मालिका सुमारे दीडशे भाग चालली. भागाअखेर अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत. त्यांना ढीगभर पत्रे येत. तुमच्या प्रकल्पाचा पहिला आराखडा फसला, तर तो टाकून देण्याआधी वापरणाऱ्यांची तक्रार नीट ऐका.