ओळ, रकाना आणि घर : संगणकावरील कोष्टकाचा अल्प इतिहास



बिदरच्या परिसरात इतिहास हा शब्द उच्चारला की बहमनी सुलतान, बरीदशाही, किल्ला आणि महमूद गवानचा मदरसा डोळ्यांपुढे येतो. आज मी याच मातीत उभा राहून एका अत्यंत साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे कोष्टक. हजेरीपट, गुणपत्रक, वेळापत्रक या रूपांनी ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आडव्या ओळी, उभे रकाने आणि त्यांच्या छेदातून निर्माण होणारी घरे, एवढाच त्याचा संसार.

कागदावर एखादे घर उठून दिसावे असे वाटले, तर गुरुजी तांबडी शाई घेत आणि नापास झालेल्या विषयाच्या गुणांखाली रेघ ओढत. संगणकाच्या पडद्यावर ही तांबडी शाई कोणाच्या हाती असावी? या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास सुमारे दीड दशक लागले.

जागतिक जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. त्याच्या पानांची भाषा एचटीएमएल. आरंभी या भाषेत कोष्टकाची सोयच नव्हती. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरने, म्हणजे ती पाने वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाने, कोष्टके दाखविण्यास प्रारंभ केला. मात्र अक्षरांचा रंग, अक्षरांची जाडी हे सर्व प्रत्येक घरात स्वतंत्रपणे लिहावे लागे. तीस विद्यार्थी आणि सहा विषय धरले, तर एकशे ऐंशी घरांत तीच सूचना एकशे ऐंशी वेळा.

या कंटाळवाण्या श्रमातून सुटकेचा मार्ग होकोन व्हिउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सुचविला होता. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने त्यातून सीएसएस ही शैलीपत्रकांची भाषा सिद्ध झाली आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी तिची पहिली प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तत्त्व सोपे होते. मजकूर एका जागी, वेशभूषा दुसऱ्या जागी. घरावर ‘नापास’ अशा नावाचा एक वर्ग नोंदवावा आणि त्या वर्गाचा रंग शैलीपत्रकात एकदाच सांगावा.

परंतु नियम करणे आणि तो सर्वत्र पाळला जाणे यांत अंतर असते, हे सीमाभागातील माणसाला वेगळे सांगावयास नको. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने १९९६ मध्ये सीएसएसचा काही भाग स्वीकारला. नेटस्केपची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली, पण तिच्यात संपूर्ण पानाला लावलेले अक्षरवळण कोष्टकाच्या उंबरठ्यावरच थांबे. घरांना ते पुन्हा वेगळे सांगावे लागे. एकच पान दोन ब्राउझरांत दोन रूपे धारण करी.

याहून विलक्षण प्रश्न रकान्याचा होता. मराठीच्या गुणांचा संपूर्ण रकाना उजवीकडे सरकवावा, अशी सूचना रकान्यालाच द्यावी, हे कोणालाही स्वाभाविक वाटेल. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या ती मानीत. मोझिलाच्या घराण्यातील ब्राउझर मानीत नसत, आणि नियम त्यांच्याच बाजूने होता. १९९८ च्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीने रकान्याला चारच गोष्टी दिल्या : कडा, पार्श्वभूमी, रुंदी आणि दृश्यता. कारण असे की या व्यवस्थेत घराचे पालकत्व ओळीकडे असते. गुण वारशाने येतात ते ओळीकडून. रकाना हा केवळ शेजारी. शिवाय एखादे घर दोन रकान्यांएवढे रुंद असेल, तर पुढची घरे नेमकी कोणत्या रकान्यात पडतात हे मोजणी झाल्याखेरीज कळत नाही.

हे वाचताना मला १ नोव्हेंबर १९५६ चे स्मरण होते. राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याचे तालुके मुंबई, आंध्र प्रदेश आणि म्हैसूर या तीन राज्यांत वाटले गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. आपले संतपूर, औराद, भालकी इकडे राहिले. प्रत्येक गावाची ओळ, म्हणजे राज्य, निश्चित झाली. भाषेचा रकाना मात्र सीमा ओलांडून उभाच राहिला. ओळीकडून त्याला आपोआप काही मिळणे शक्य नव्हते. म्हणूनच त्याच वर्षी संविधानाच्या सातव्या दुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आणला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगितले. घराची ओळख घरावरच नोंदवावी लागते, हाच त्याचा अर्थ.

आपल्या शाळांच्या वेळापत्रकात तर हे प्रत्यक्ष अनुभवास येते. एका घरात कन्नड, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू. ही भाषा आणि ही दिशा रकान्याला सांगून घरापर्यंत पोहोचत नाही. ती प्रत्येक घरावर लिहावी लागते. मग शैलीपत्रक त्या नोंदीवरून योग्य वळणाची अक्षरे निवडू शकते. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, हे लक्षात घेता ही नोंद क्षुल्लक नव्हे.

पुढे ओळीतील तिसरे किंवा पाचवे घर मोजून निवडण्याची युक्ती आली. सप्टेंबर २०११ मध्ये तिला प्रमाण मान्यता मिळाली. इंटरनेट एक्सप्लोररला मात्र ती नवव्या आवृत्तीपासून, त्याच वर्षी, कळू लागली. आठव्या आवृत्तीपर्यंतच्या संगणकांवर तो रंग उमटतच नसे. आणि मधले एखादे घर रुंद असले की मोजणीच चुके. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरचा आधार थांबविला आणि एक जुना अडसर दूर झाला. परंतु घरावर वर्गाचे नाव लिहिण्याची १९९६ ची साधी रीत या सर्व काळात जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालत राहिली.

या इतिहासातून शाळांनी घ्यावयाचा बोध माझ्या मते असा. निकालाचे कोष्टक जाळ्यावर ठेवताना शीर्षकाचे घर शीर्षक म्हणूनच नोंदवावे, म्हणजे अंध विद्यार्थ्याला वाचून दाखविणारे यंत्रही अडखळणार नाही. तांबड्या रंगासोबत ‘नापास’ हा शब्दही असावा. रंग न ओळखणाऱ्याला, जुन्या संगणकावर पाहणाऱ्याला आणि काळी-पांढरी झेरॉक्स हाती पडणाऱ्या पालकाला तोच आधार. शोभा नव्या यंत्राने वाढवावी, पण अर्थ जुन्या यंत्रावरही शाबूत राहिला पाहिजे. आडगावच्या मुलाला आपला निकाल वाचता येणे, हे कोणत्याही रंगसंगतीपेक्षा मोलाचे आहे.