उत्तम प्रेक्षकांचे शहर कोणते?

आपल्याकडे खेळाडूंचे पराक्रम लिहून ठेवणारे पुष्कळ झाले. प्रेक्षकांचा इतिहास त्या मानाने थोडाच लिहिला गेला. तथापि आगगाडीच्या डब्यात निरनिराळ्या शहरांचे दोन गृहस्थ समोरासमोर बसले आणि बोलणे खेळांवर आले, म्हणजे आमच्या मैदानावरचा प्रेक्षक तुमच्यापेक्षा सरस, या वादाला हटकून तोंड फुटते. मुंबईकर आपल्या जाणकारीचा दाखला देतो, कलकत्त्याचा मनुष्य प्रेमाचा, तर मद्रासचा सभ्यतेचा. (ही नगरे आता कोलकाता व चेन्नई झाली आहेत, पण जुनी नावे जिभेवरून सहजासहजी उतरत नाहीत.) या तिघांच्या साक्षी इतिहासात नीट नोंदलेल्या आहेत. त्या एकदा तपासून पाहण्यासारख्या आहेत.

प्रेमाचाच विचार करावयाचा तर कलकत्त्याशी बरोबरी करणे कठीण. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागान संघाने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा 2-1 असा पराभव केला. आपल्या संघातील एकाच खेळाडूच्या पायांत बूट होते. बाकीचे दहा अनवाणी. पहिला गोल पलटणीने केला. मग शिवदास भादुरीने बरोबरी साधली आणि खेळ संपता संपता अभिलाष घोषने विजयाचा गोल केला. त्या दिवशी बंगालच्या कानाकोपऱ्यांतून माणसे रेल्वेने आणि आगबोटींनी आली होती. मैदानाला आजच्यासारख्या पायऱ्या नव्हत्या, त्यामुळे मागच्या हजारोंना खेळ दिसण्याची सोयच नव्हती. त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलांची वार्ता कळविली जात होती! चेंडू न दिसता, आभाळातल्या पतंगाकडे डोळे लावून उभा राहिलेला हा प्रेक्षक माझ्या मते आपल्या क्रीडा-इतिहासातील एक विलक्षण पात्र आहे. तो खेळ पाहावयास आला होता असे तरी कसे म्हणावे? गोऱ्यांच्या पलटणीला आपली मुले हरवितात की नाही, याचा निकाल ऐकावयास तो आला होता.

मुंबईचा प्रेक्षक निराळ्या मुशीतून घडला. जिमखान्यांच्या सामन्यांत पारशी, हिंदू, मुसलमान आणि युरोपियन असे जातवार संघ 1912 पासून चौरंगी सामन्यांत एकमेकांशी झुंजत; 1937 पासून ते पंचरंगी झाले. 1940 साली गांधीजींनी या जातीय विभागणीला उघड विरोध केला आणि 1946 मध्ये हे सामने थांबले. ते थांबले हे बरेच झाले. परंतु मुंबईकराची नजर तयार झाली ती मात्र तेथेच, हे नाकारता येणार नाही. डिसेंबर 1933 मध्ये बाँबे जिमखान्यावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला. त्यात लाला अमरनाथांनी 118 धावा काढून भारतातर्फे कसोटीतील पहिले शतक पूर्ण केले, तेव्हा प्रेक्षक मैदानात धावले आणि स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात. सामना आपण नऊ गडी राखून हरलो. तरी त्या दिवसाचा आनंद कोणी पराभवाच्या हिशेबात मांडला नाही.

पण याच नगरीने नोव्हेंबर 1969 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर काय केले? ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवन यांना यष्टीमागे झेलबाद देण्यात आले. पंचांचा निर्णय चुकला, असे धावत्या वर्णनात सांगितले गेले. आणि हे वर्णन कानाशी ट्रान्झिस्टर धरून बसलेल्या शेकडो प्रेक्षकांनी तेथल्या तेथे ऐकले. खुर्च्या आणि बाटल्या मैदानात येऊन पडू लागल्या, आगी पेटल्या. ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा, असे मला वाटते. जाणकार म्हणविणाऱ्या प्रेक्षकाची जाणकारीच त्या दिवशी त्याला भडकवून गेली. पुढे 2006 साली वानखेडेवर एका धावेवर बाद झालेल्या सचिन तेंडुलकरला याच शहराने हुर्यो ऐकविली. 2013 साली त्याचा शेवटचा सामना संपला तेव्हा डोळे पुसणारेही याच पायऱ्यांवर बसले होते.

कोल्हापूरकराला वगळले तर तो रागावेल, आणि ते रास्तच. शाहू महाराजांनी बांधविलेल्या खासबाग मैदानात कुस्ती खाली हौद्यात होते आणि प्रेक्षक सभोवार चढत्या उतारावर बसतो. त्यातल्या अनेकांनी तालमीची लाल माती अंगाला लावलेली असते. डाव पडण्यापूर्वीच तो त्यांना कळतो.

मद्रासची साक्ष एकाच दिवसाची आहे, पण ती मोठी वजनदार आहे. 1999 च्या जानेवारीत पाकिस्तानचा संघ बारा वर्षांनी कसोटी मालिकेसाठी आला होता. वातावरण इतके तापलेले होते, की मालिकेपूर्वी दिल्लीची खेळपट्टी उखडण्यात आली. 31 जानेवारीला चेपॉकवर भारताला 271 धावांचे लक्ष्य होते. पाठीच्या वेदना सोशीत तेंडुलकरने 136 धावा काढल्या. विजयाला 17 धावा हव्या असताना तो बाद झाला, आणि उरलेले तिन्ही गडी चार धावांत आटोपले. बारा धावांनी पराभव! क्षणभर सारे मैदान सुन्न झाले. मग प्रेक्षक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. वासिम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी घातली आणि त्या टाळ्या फेरीबरोबर फिरत राहिल्या.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी त्याच दोन संघांचा सामना कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर झाला. शोएब अख्तरशी टक्कर होऊन तेंडुलकर धावबाद झाला आणि मैदानात वस्तूंचा वर्षाव सुरू झाला. अखेरच्या दिवशी पोलिसांना सारे स्टेडियम रिकामे करावे लागले. पाकिस्तानने शेवटचा गडी ओसाड बाकांसमोर बाद केला. तीन वर्षांपूर्वी, 13 मार्च 1996 रोजी, याच मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना भारताच्या 8 बाद 120 धावा असताना थांबवून श्रीलंकेला बहाल करावा लागला होता.

मग मद्रासला पारितोषिक देऊन मोकळे व्हावे काय? माझे मन तसे करू धजत नाही. कलकत्त्याचे प्रेम मी विसरू शकत नाही, आणि त्या प्रेमाची किंमत त्या शहराने स्वतःच मोजली आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे लोक एकाच सज्जात मिसळून बसले होते. मैदानावरचे भांडण वर चढले, हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली, व सोळा प्रेक्षक घरी परतले नाहीत. ती तारीख तेथे फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळली जाते. त्या दिवशी दोन्ही संघांचे चाहते रांगेत उभे राहून रक्तदान करतात.