मुतबन्ना आणि कायदा

आपल्या समाजात दुसऱ्याचे लेकरू पोटच्यासारखे वाढवणारी घरे पूर्वीपासून आहेत. ती अडतात कागदापाशी. ‘इस्लाममध्ये दत्तक नाही’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. सूरह अहजाबमध्ये अशा लेकरांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारावी असा हुकूम आहे, आणि त्यानंतर हजरत जैद पुन्हा ‘जैद बिन हारिसा’ झाले. आमच्या समजुतीने तिथे नसब बदलण्याला मनाई आहे, सांभाळण्याला नव्हे. यतिमाच्या कफालतीचे पुण्य तर मोठेच मानले आहे.

कायद्याचा इतिहास मात्र फारसा कुणी चाळत नाही. 1937 चा शरियत कायदा निकाह, तलाक, वारसा यांना सरसकट लागू झाला. दत्तक आणि वसियत यांत तसे झाले नाही. ज्याने स्वतःहून तसे जाहीर करावे त्यालाच तिथे शरियत लागू होणार होती. म्हणजे दत्तकाची रूढी काही मुसलमानांत होती आणि कायदा करणाऱ्यांना ती माहीत होती!

1956 चा दत्तक कायदा हिंदूंपुरता झाला. बौद्ध, जैन, शीख त्यात आले. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, यहुदी बाहेर राहिले. आपल्यासाठी उरला 1890 चा पालकत्वाचा कायदा. त्याने माणूस पालक होतो, बाप होत नाही. मूल सज्ञान झाले की तेही नाते कागदावर संपते. 1972 साली सर्वांसाठी विधेयक आले. मुस्लिम विरोधामुळे 1978 मध्ये ते मागे घेतले गेले. 1980 च्या विधेयकातून मुसलमानांना वगळले, तरी तेही तडीस गेले नाही. त्या वादात मुलांचे कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

वाट निघाली ती बालन्याय कायद्यातून. 2000 च्या या कायद्यात 2006 साली दुरुस्ती होऊन दत्तक मूल औरस ठरले, धर्म कोणताही असो. शबनम हाशमी यांच्या अर्जावर 19 फेब्रुवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने कफालतीची बाजू मांडली होती. न्यायालयाने दत्तक घेणे हा मूलभूत हक्क मानला नाही. हा कायदा मुभा देतो, सक्ती करत नाही, एवढेच म्हटले. 1937 सालीही निवड माणसावरच सोडली होती.

कफालत पत्करणारे वारशाची सोय हयातीतच हिब्याने करतात, कारण वसियत वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापलीकडे चालत नाही.