न विचारलेले दुखणे

चांद्याच्या रानाविषयी वर्तमानपत्रांतून येणारे आरोग्यलेख मी एके काळी भक्तिभावाने वाचीत असे, दोनचार लिहिलेही! रानातल्या बाईचे दुखणे म्हणजे बाळंतपण आणि दोष तिच्या अज्ञानाचा, हे आम्ही लेखणीबहाद्दरांनी एकमेकांचे वाचूनच ठरविले होते. तिला विचारले कोणी?

१९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पुढे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांना तपासले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला : शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग, पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ! त्यांतल्या एकाही रोगाचे नाव माझ्या लेखांत नव्हते.

ती कात्रणे दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी हाती येतात, आणि मी ती पुन्हा पेटीत ठेवतो.