गोणपाट ते मोबाईल : शिक्षणाची साधने कुणी आणायची?

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो आयोगांचा, कायद्यांचा आणि कुलगुरूंचा. कोणत्या साली कोणते विद्यापीठ निघाले, कोणत्या धोरणात काय म्हटले, याच्या याद्या आपल्याला पाठ असतात. पण वर्गात बसायला काय लागते आणि ते कुणी आणायचे, हा प्रश्न या इतिहासात येत नाही. ज्यांनी हा इतिहास लिहिला त्यांना तो कधी पडलाच नाही. बाक, फळा, दिवा, पुस्तक, पाणी या गोष्टी त्यांच्यासाठी आधीपासूनच तेथे होत्या. २०२० साली महाविद्यालयांचे वर्ग मोबाईलवर भरू लागले आणि विद्यार्थ्याजवळ कोणती साधने हवीत याच्या सूचना निघाल्या, तेव्हा प्रस्थापितांना हा प्रश्न नवा वाटला. बहिष्कृत समाजाच्या इतिहासात तो शंभर वर्षांहून जुना आहे.

साताऱ्याच्या शाळेत शिकताना बाबासाहेबांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, आणि बसायचे गोणपाटही स्वतःचेच असे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी ते उचलण्यासाठी धाव घेतली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे. या दोन घटना आपण नेहमी अपमानाच्या म्हणून सांगतो, आणि त्या तशा आहेतच. पण त्यांत एक व्यवस्थाही दिसते. शाळेत नाव दाखल आहे, दार उघडे आहे. मात्र शाळेचे साधन या मुलासाठी नाही. त्याने आपला वर्ग घरून आणायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा.

आपल्या चळवळीने या व्यवस्थेला दिलेले उत्तर नीट पाहिले पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याजवळ वेळ नाही, म्हणून शाळेने आपली वेळ बदलली. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ च्या जुलैमध्ये स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. सभेने आपल्या कामाचा आरंभ केला तो छप्पर, दिवा, जेवण आणि अभ्यासाला जागा देण्यापासून. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि नागसेनवनात वसतिगृहेही आली. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घर झोपल्यावर दिव्याच्या उजेडात अभ्यास केलेल्या माणसाला ग्रंथालय आणि वसतिगृह म्हणजे काय, हे सांगावे लागत नव्हते. या सगळ्या प्रयत्नांत एकच तत्त्व आहे : साधन विद्यार्थ्याने आणायचे नाही, संस्थेने त्याच्यापर्यंत न्यायचे.

हेच तत्त्व निराळ्या रूपात आमच्या नाशिकला आले. १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या साह्याने अध्यापन सुरू केले होते. आंध्रात १९८२ मध्ये आणि दिल्लीत १९८५ मध्ये मुक्त विद्यापीठे निघाली होती. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात नाशिकच्या विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले. दहावी-बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीकडे जाता येऊ लागले. ध्वनिफिती, चित्रफिती होत्या. पण मुख्य साधन होते ते छापील मराठी पुस्तक. ते शुल्कातच मिळे. त्याला वीज लागत नाही, ते दर महिन्याला पुन्हा भरावे लागत नाही, आणि नवरा-बायको दोघे शिकत असतील तर दोघांनाही पुरते. घरापासून शक्य तितके जवळ अभ्यासकेंद्र, आणि तेथे शंका विचारायला संमंत्रक.

मी अशाच एका अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षे संमंत्रक म्हणून शिकवीत आलो आहे. रविवारी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार येत, अंगणवाडी सेविका येत, पेठ-सुरगाण्याकडून पहाटेच्या एसटीने निघालेली मुले येत. वर्ग म्हणजे चार खोल्या, फळा आणि पंखा. पण त्या खोलीत शिरल्यावर कुणी कोणत्या घरातून आले, हे निदान दोन तास बाजूला राही. फळा सर्वांचा होता.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महाराष्ट्रातील महाविद्यालये मधला थोडा काळ सोडता २० ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंद राहिली. वसतिगृहे रिकामी केली गेली आणि विद्यार्थी गावी पाठविले गेले. म्हणजे चळवळीने शंभर वर्षांत उभे केलेले छप्पर, दिवा, टेबल आणि सोबत एका फटक्यात गेली. त्या जागी मोबाईल आणा, असे सांगण्यात आले. साथीचे संकट खरे होते, वर्ग बंद करणे भाग होते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो साधनाची जबाबदारी गुपचूप कुणाच्या खांद्यावर गेली याबद्दल.

काय लागत होते ते मोजून पाहू. चित्रासह चालणाऱ्या एका तासाच्या वर्गाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. दिवसाचा दीड जीबीचा रिचार्ज असेल तर दोन-तीन तासांत तो संपतो. मोबाईल 4जी हवा, चार्जिंगला वीज हवी, डोंगरात रेंज हवी. उत्तरपत्रिकेचे फोटो काढून पाठवायचे तर कॅमेरा बरा हवा, मराठीत टंकायचे तर कळफलक येत असायला हवा. घरात एकच फोन असेल तर तो सकाळी बापाबरोबर नाक्यावर जातो, कारण कामाचा निरोप त्यावरच येतो. राहता राहिली जागा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे असताना 'शांत ठिकाणी बसा' ही सूचना ज्याने लिहिली, त्याने अशी खोली पाहिली नसावी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांप्रमाणे देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांजवळ संगणक होता आणि १४.९ टक्क्यांना इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के आढळले. सरकारला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. आकडे सरकारचेच आहेत.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत येत नाही. पडद्यावर चेहऱ्याखाली आडनाव सतत लिहिलेले असते. वर्गातल्या बाकावर ते नसते. कॅमेरा सुरू करा म्हटले की पत्र्याची भिंत आणि दोरीवरची धुणी साऱ्या वर्गापुढे येतात. माझ्या वर्गात काही मुली कधीच कॅमेरा लावीत नसत. त्यांना 'लक्ष नाही' असे म्हणणे सोपे होते. घर पाहून जात ओळखणाऱ्या समाजात पडदा बंद ठेवणे हे त्यांचे संरक्षण होते.

यावर कुणी म्हणेल, मग तुम्ही यंत्राच्या विरुद्ध आहात काय? मुळीच नाही. यंत्रविरोधाचे तत्त्वज्ञान बाबासाहेबांनी गांधीवादावर टीका करताना स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, ही त्यांची भूमिका होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. आज बाबासाहेबांचे समग्र लेखन खेड्यातला मुलगा फोनवर उघडून वाचतो. हे मोलाचे आहे. दोष यंत्रात नाही, यंत्राच्या मालकीत आहे. गोणपाट ही वस्तूही वाईट नव्हती. ते एकट्या भीमाने घरून आणायचे, यात सारी विषमता होती.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत. महाडचे चवदार तळे त्याच ठरावाच्या पायावर उभे आहे, आणि १९३० साली याच नाशिकात काळाराम मंदिराच्या दारात झालेला सत्याग्रहही समान प्रवेशासाठीच होता. आज भारतनेटची केबल सार्वजनिक निधीतून ग्रामपंचायतीपर्यंत टाकली जाते. ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात थांबते की वस्तीतल्या समाजमंदिरापर्यंत येते, हा आजच्या पाणवठ्याचा प्रश्न आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन मुलीच्या खटल्यात इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्बल घटकांतील शाळकरी मुलांना उपकरण आणि डेटा शाळेनेच द्यावा असा निर्णय दिला. त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पण शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला तोही आधार नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या नियमांत साध्या पदवीला घरी राहून शिकणाऱ्याचा वार्षिक शैक्षणिक भत्ता ३००० रुपये ठरला. एवढ्यात बेताचा स्मार्टफोनही येत नाही. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाईन शिकविण्याची कल्पना मांडली. म्हणजे साथ गेली तरी हा वर्ग राहणार आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी मागणी स्पष्ट करावी. जो वर्ग ऑनलाईन ठरेल त्याचे उपकरण आणि डेटा शिष्यवृत्तीत धरलेच पाहिजेत. वसतिगृहे आणि समाजमंदिरे येथे अभ्यासाची जागा, वीज आणि जोडणी असली पाहिजे. पुस्तक छापील मिळाले पाहिजे आणि तास ध्वनिमुद्रित होऊन कमी डेटात ऐकता आला पाहिजे. कॅमेऱ्याची सक्ती नको. शाळेचे दार उघडायला आपल्या दोन पिढ्या गेल्या. आता वर्गच घरात आला आहे म्हणतात. तर तो घरात आणण्याचा खर्च शाळेनेच केला पाहिजे.