दोन सूत आणि सात सूत : हँडलबारवरील कॅमेऱ्याचा इतिहास

१/१०
तळवड्याहून देहूकडे किंवा चाकणकडे निघालेल्या दुचाकींच्या हँडलबारवर आता कॅमेरा दिसू लागला आहे. त्याला धरून ठेवणारा क्लॅम्प विकतचाच हवा असे नाही. धातूची पट्टी, जुन्या ट्यूबचे रबर आणि एक बोल्ट एवढ्यात तो घरी तयार होतो. मात्र तो बोल्ट कोणता, या प्रश्नामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२/१०
औद्योगिक पट्ट्यात सहज हाती येतो तो ६ मिमीचा बोल्ट. कॅमेऱ्याच्या तळाच्या छिद्रात तो शिरतो आणि दोन-तीन आट्यांत अडतो. जोर लावल्यास छिद्राचे आटे खराब होतात. मग एखाद्या खड्ड्यात कॅमेरा निसटून रस्त्यावर पडू शकतो.

३/१०
याचे कारण, ते छिद्र इंचाच्या मापाचे आहे. व्यास पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, एका इंचात २० आटे. दोन आट्यांमधील अंतर १.२७ मिमी. ६ मिमीच्या नेहमीच्या बोल्टात हेच अंतर १ मिमी असते. मेट्रिक मापे वापरणाऱ्या जपानच्या कॅमेऱ्यांनाही पाव इंचाचेच छिद्र असते.

४/१०
हे माप आले मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडून. त्यांच्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतील स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एकच पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश. पाव इंचाला २० आटे.

५/१०
१८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी कोन ६० अंश केला. पाव इंचाला आटे मात्र २०च राहिले. म्हणून हा स्क्रू अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर चालला आणि कॅमेऱ्याच्या तिपाईवर कायमचा स्थिरावला.

६/१०
आता क्लॅम्पचे दुसरे टोक पाहू. बहुतेक सायकली व मोटारसायकलींच्या मुठीखालील नळीचा व्यास सुमारे २२.२ मिमी असतो. हेही इंचाचेच माप : सात-अष्टमांश इंच. १८८५ ची रोव्हर सायकल आणि १८८८ चा कोडॅक कॅमेरा यांची गाठ पुढच्या दशकातच पडली. ईस्टमन कंपनीने ‘बायसिकल कोडॅक’ या नावाने कॅमेरे विकले.

७/१०
घरी घडवलेल्या कॅमेऱ्याचे आपल्याकडील थोर उदाहरण कोल्हापूरचे. आनंदराव पेंटर यांच्या निधनानंतर बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पण फिल्मची रुंदी आणि कडेची छिद्रे यांचे माप १९०९ च्या पॅरिस परिषदेने आधीच ठरवून दिले होते. यंत्र कोल्हापूरचे, माप जगाचे!

८/१०
भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडचा पट्टा मिलिमीटरमध्ये वाढला. मिस्त्रींच्या बोलीत मात्र ‘सूत’ टिकले. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणजेच कॅमेऱ्याचा बोल्ट दोन सुती आणि हँडलबार सात सुती!

९/१०
करून पाहणाऱ्यांसाठी : जिथे क्लॅम्प बसवायचा तिथला व्यास आधी मोजावा; मध्यभागी नळी जाड असू शकते. क्लॅम्पखाली रबर गुंडाळावे. बोल्ट दोन सुती, वीस आट्यांचाच घ्यावा. छिद्र उथळ असते. लांब बोल्ट कॅमेऱ्याचा तळ फोडतो, म्हणून चकत्या घालून लांबी जुळवावी. कॅमेऱ्याला एक सुरक्षा-दोरी हँडलबारशी वेगळी बांधावी.

१०/१०
मोबाइलच्या पाठीला असे छिद्र नसते. त्यामुळे तिथे मिस्त्रीचा बोल्ट हतबल ठरतो आणि खास धारक विकत घ्यावा लागतो. सर्वांसाठी खुले असलेले माप म्हणजे केवळ सोय नव्हे. छोट्या कारागिराला स्वतः वस्तू घडवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो. तळवड्यातल्या एखाद्या लेथवर आजही तो अधिकार बजावता येतो, कारण १८४१ मध्ये कोणीतरी विसाचा आकडा ठरवला आणि पुढच्यांनी तो मोडला नाही.