ठासणीची बंदूक, शंक्वाकृती गोळी आणि हरणाची शिकार : इन्सुली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली हे गाव सावंतवाडी व बांदा यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. भातशेती, नारळी-पोफळीच्या बागा, काजूचे डोंगरउतार आणि त्यांना लागून असलेले सह्याद्रीच्या पायथ्याचे रान असे या परिसराचे स्वरूप आहे. सांबर, भेकर व रानडुक्कर हे या रानातील प्राणी शेतात उतरतात. त्यामुळे ठासणीची बंदूक हे येथे केवळ शिकारीचे साधन नव्हते. राखणीचेही साधन होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील सैन्यांनी वाटोळी गोळी टाकून शंक्वाकृती गोळी स्वीकारली. मग कोकणातील ठासणीच्या बंदुकीत वाटोळी गोळी आणि छर्रेच का टिकून राहिले? याचे उत्तर सामान्यतः ग्रामीण मागासलेपणात शोधले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे.

शंक्वाकृती गोळीचा उदय

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागते. गुळगुळीत नळीत हे काम सोपे असते. मात्र नळी व गोळी यांच्यात फट राहत असल्याने नेम दूरवर टिकत नाही. नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या म्हणजे गोळीला फिरकी मिळते व नेम सुधारतो. परंतु खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडातून उतरवणे जिकिरीचे होते. काही बारांनंतर नळीत काजळी साचली म्हणजे हे काम अधिकच कठीण होते.

या पेचातून मार्ग काढण्याच्या प्रयत्नांत भारताचाही उल्लेख येतो. ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन नॉर्टन याने १८२३ च्या सुमारास पोकळ बुडाची लांबट गोळी सुचवली. दक्षिण भारतातील फुंकनळीच्या बाणांना मागील बाजूस लावलेला लवचीक भेंडासारखा गर फुंकीसरशी फुगून नळी बंद करतो, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. सरकारने ती स्वीकारली नाही. पुढे १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए याने हेच तत्त्व व्यवहारात आणले. त्याची गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असल्याने सहज आत उतरे. बार उडताच तिचे पोकळ बूड फुगून खाचांत घट्ट बसे. १८५३ च्या एन्फिल्ड बंदुकीतही फुगणारी लांबट गोळीच वापरली गेली. याच बंदुकीचे काडतूस १८५७ च्या उठावाच्या संदर्भात सर्वपरिचित आहे.

वजनाचे गणित

दोन्ही गोळ्यांतील भेद आकड्यांवरून स्पष्ट होतो. एन्फिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता. तिच्यात बसणारी शिशाची वाटोळी गोळी सुमारे १८.५ ग्रॅम भरते, तर तिची लष्करी लांबट गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमची होती. व्यास तोच राहून वजन जवळजवळ दुप्पट झाले. जड व निमुळती गोळी हवेत आपला वेग अधिक काळ टिकवते. म्हणून शेकडो यार्डांवरील सैन्यावर मारा करण्यास ती सरस ठरली.

परंतु वजन वाढवण्याचा दुसराही मार्ग आहे. वाटोळ्या गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बंदुकीचा ‘बोअर’ मोजण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. एक पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या होतात, तितक्या बोअरची ती नळी. १४ बोअरची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, तर १२ बोअरची सुमारे ३८ ग्रॅमची भरते. याचा अर्थ असा की, रुंद नळीची बंदूक बाळगणाऱ्यास एन्फिल्डच्या गोळीइतके वजन साध्या वाटोळ्या गोळीतूनच मिळत होते.

फॉर्सिथ यांचे प्रतिपादन

सैन्याला जे लाभदायक, ते शिकाऱ्यालाही लाभदायक असेलच असे नाही, हा मुद्दा कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या १८६३ च्या ग्रंथात मांडला. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या अरण्यांत त्यांचे कार्यक्षेत्र होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : अरण्यात जनावर जवळच्या अंतरावर दिसते आणि ते अंतर मोजण्यास अवधी नसतो. शंक्वाकृती गोळी जड असल्याने मंद गतीने निघते व तिचा मार्ग अधिक वक्र असतो. म्हणून अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी वर किंवा खाली लागते. दारू वाढवावी, तर तीव्र पिळाच्या नळीत गोळी खाचा सोडून निसटते. याउलट, सौम्य पिळाच्या नळीतून भरपूर दारूने सोडलेली वाटोळी गोळी जवळच्या टप्प्यात जवळजवळ सरळ जाते आणि जनावरावर मोठा आघात करते. फॉर्सिथ यांच्या नावाशी निगडित असलेल्या १४ बोअरच्या नळीत सुमारे १०४ इंचांत एकच वेढा असे. एन्फिल्डमध्ये तो ७८ इंचांत होता.

या वादाला नैतिक बाजूही होती. बारीक भोक पाडून आरपार जाणाऱ्या गोळीने जखमी झालेले सांबर रानात दूर जाऊन मरते. शिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि जनावराचे हाल मात्र होतात. गोळीच्या निवडीचा खरा निकष पल्ला नसून जनावराचा जलद अंत हा होता.

फॉर्सिथ यांचा निष्कर्ष हा अंतिम शब्द नव्हता. इंग्लंडमध्ये पर्डी यांनी १८५६ मध्येच हलकी शंक्वाकृती गोळी व अधिक दारू यांचा मेळ घालून ‘एक्सप्रेस’ पद्धतीची बंदूक तयार केली होती. पुढे मागून भरण्याच्या बंदुका आल्या आणि हा वाद मागे पडला.

सावंतवाडीची परिस्थिती

हे विवेचन इन्सुलीसारख्या गावाला लावून पाहता चित्र वेगळे दिसते. १८४४-४५ मध्ये सावंतवाडी संस्थानात इंग्रजांविरुद्ध बंड झाले. खानदेशात शिकारीबद्दल ख्याती पावलेले आउट्राम यांचा त्याच्या बंदोबस्तात सहभाग होता. हा संघर्ष मिनिएच्या गोळीपूर्वीचा, म्हणजे मुख्यतः गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा होता. नंतर पेचदार नळी सैन्याच्या हाती आली. शेतकऱ्याच्या हाती गुळगुळीत नळीच राहिली. अशा नळीत गोळीला फिरकी मिळत नाही. लांबट गोळी हवेत कोलांट्या खाते आणि तिचा नेम वाटोळ्या गोळीहूनही बिघडतो.

भूप्रदेशही वाटोळ्या गोळीलाच अनुकूल होता. कोकणच्या दाट झाडीत दृष्टीचा पल्ला तोकडा असतो. वीस-पंचवीस किलोच्या भेकरासाठी एन्फिल्डच्या वजनाची गोळी अनावश्यक आणि सांबरासाठी रुंद नळीची वाटोळी गोळी पुरेशी. शिवाय वाटोळी गोळी साध्या साच्यात ओतता येते व चिंधीत गुंडाळून घट्ट बसवता येते. सैल शंक्वाकृती गोळी बंदुकीचे तोंड खाली करून चालताना पुढे सरकू शकते. दारू व गोळी यांत अशी पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचा धोका असतो. बांध, पाणंद आणि चढउतार तुडवणाऱ्या राखणदाराच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती.

कायद्याने केलेली निवड

स्वातंत्र्योत्तर काळात या निवडीवर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास ‘दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक’ देता येते. म्हणजे पीकसंरक्षणाच्या या तरतुदीत पेचदार नळीला स्थानच नाही. नळी कायद्याने ठरवली आणि नळीने गोळी ठरवली.

दुसरीकडे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात प्रारंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. सांबर व भेकर यांची शिकार आज गुन्हा आहे. परिणामी शेतकऱ्याकडे बंदुकीचा परवाना असू शकतो; परंतु पिकात उतरलेल्या हरणावर ती चालवण्याचा अधिकार त्यास त्या परवान्याने मिळत नाही. एका कायद्याने मान्य केलेली गरज आणि दुसऱ्या कायद्याने घातलेली मर्यादा यांच्यामध्ये तो उभा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कोकणातील शेतकऱ्याने शंक्वाकृती गोळी वापरली नाही यास केवळ अज्ञान कारणीभूत नव्हते. नळीचे स्वरूप, रानातील अंतर, जनावराचा आकार आणि पुढे कायदा या चार घटकांनी वाटोळी गोळी निश्चित केली. ज्या काळी फॉर्सिथ यांच्यासारखा अधिकारी प्रयोगांच्या आधारे शिकारीसाठी वाटोळ्या गोळीचा पुरस्कार करीत होता, त्या काळी सामान्य शेतकरी साधनांच्या मर्यादेत राहून तीच गोळी ओतत होता. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ नव्या शोधांच्या क्रमाने लिहिला, तर जुने साधन टिकून राहण्यामागील अशी सयुक्तिक कारणे नजरेआड होतात. शेती व वन्यजीव यांच्या संघर्षावर आज धोरण आखतानाही, शेतकऱ्याच्या हातातील साधन त्याच्या अडाणीपणातून नव्हे तर परिस्थिती व राज्यसत्तेच्या निर्णयांतून आले आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.